वडिलांशी बोलताना माझे काय चुकते आहे?

प्रश्न – डोंगरवाट

माझे वडील ७६ वर्षांचे असून गेल्या दिवाळीपासून गावाहून आमच्याकडे ठाण्याला राहायला आले आहेत. माझे काम दिवसभर ग्राहकांशी फोनवर बोलण्याचे असल्यामुळे समोरच्याचे म्हणणे अर्ध्यातच ओळखून उत्तर देण्याची सवय मला लागली आहे आणि घरात नेमकी तीच नडते. परवा जेवताना बाबा विहिरीवरच्या मोटारीविषयी सांगू लागले. "मोटार गेल्या वर्षीच..." एवढे त्यांनी म्हणेपर्यंत मी "नवीन घेऊ या, काकांना पैसे पाठवतो" असे सांगून मोकळा झालो. ते "बरं" म्हणाले आणि पानावरून उठले. शिवाय मी काही विचारले की ते दोन-तीनदा "काय?" म्हणतात, माझा आवाज चढतो आणि मग "ओरडतोस कशाला?" असे ऐकावे लागते. मला ऐकणे आणि बोलणे दोन्ही मनापासून सुधारायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद – श्रुती_कोल्हापूर

मी श्रवणतपासणीचे काम करते, म्हणून आधी कानाविषयी लिहिते. वयोमानाने येणारा बहिरेपणा बहुधा उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतो. त्यामुळे स्वर बऱ्यापैकी ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी हलकी व्यंजने गळून पडतात आणि "साठ" म्हटलेले "आठ" असे ऐकू येऊ शकते. अशी माणसे "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" असे सांगतात, ते याच कारणाने. आपण ओरडलो की स्वरच अधिक मोठे होतात, व्यंजने मागेच राहतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नसला तरी मोठा आवाज मात्र बोचतो. वडिलांची तक्रार तेव्हा अगदी खरी आहे.

टीव्ही बंद करून, उजेड आपल्या तोंडावर येईल असे त्यांच्या समोर बसा आणि थोडे सावकाश बोला. एकदा सांगून कळले नाही, तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगा. कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा जरूर दाखवा, कारण कधी कधी साठलेला मळ काढल्यानेही बराच फरक पडतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण याच विषयासाठी आहे.

प्रतिसाद – निवृत्त_शिक्षक

ऐकण्याविषयी माझा अनुभव वर्गातला आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि तेच ३ सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात व एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. हे वाचल्यापासून मी मनात तीन आकडे मोजू लागलो. सुरुवातीला ती शांतता फार अवघड जाई. एकदा पाचवीच्या वर्गात "माठ बाहेरून ओला का असतो?" असे विचारून थांबलो, तेव्हा वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी म्हणाली, "आमच्या घरी माठच बनवतात," आणि पुढची दहा मिनिटे तीच आम्हाला शिकवत होती. वडिलांचे वाक्य संपले असे वाटल्यावरही आपण तेवढेच थांबून पाहावे. वयस्कर माणसाच्या बोलण्यात मध्ये पडलेली शांतता बहुतेक वेळा पुढच्या शब्दाच्या शोधासाठी असते.

प्रतिसाद – माहेरवाशीण

वरचे सगळे पटले, पण ती मोटारीची गोष्ट अर्धवटच राहिली आहे. "बाबा, त्या दिवशी मी मध्येच बोललो, काय सांगत होतात?" असे आजच विचारा.

डोंगरवाट

सर्वांचा आभारी आहे. काल संध्याकाळी टीव्ही बंद करून खिडकीपाशी बसलो आणि विचारले. मोटार त्यांनी गेल्या वर्षीच भरून, म्हणजे आतली जळलेली तार नव्याने गुंडाळून, आणली होती. वीजदाब कमी असतानाही काका ती चालू ठेवतात म्हणून ती पुन्हा जळली, तेव्हा नवी घेतली तरी तीही जळेल, हे त्यांना सांगायचे होते. एवढे सांगताना ते तीनदा थांबले आणि दोनदा माझ्या तोंडाशी उत्तर आले होते. बुधवारी त्यांना कान तपासायला घेऊन जातो आहे.