मदत हवी आहे: वूफरच्या विरलेल्या कापडी सराउंडला कोणता गोंद?
जुना १२ इंची वूफर (खर्जाच्या आवाजाचा स्पीकर) आहे. सराउंड (कोनाच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याच्या, कडेची लवचिक पट्टी) फोमचा नाही, घड्यांच्या कापडाचा. एका घडीत बोटाच्या पेराएवढी चीर गेलीय आणि आजूबाजूचं कापड इतकं विरलंय की उजेडासमोर धरलं की आरपार दिसतं. कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) शाबूत आहे, मल्टिमीटर ६.४ ओहम दाखवतो, कोन दाबला तर घासत नाही.

मागून टिश्यू पेपर आणि पांढरा पीव्हीए गोंद लावून पाहिला. चीर बुजली, पण तेवढाच भाग ताठ झाला. सुपरग्लू ठिसूळ होतो, म्हणून नको. जोडीतला दुसरा स्पीकर उत्तम आहे, दोघांचा आवाज जुळता राहावा म्हणून रिकोनिंग (कोन, सराउंड, कॉइल नवं बसवणं) टाळायचंय.

पातळ केलेलं रबर लेटेक्स पूर्ण सराउंडवर लावलं तर लवचिक राहील का? किती हात द्यावेत, म्हणजे रेझोनन्स (ज्या वारंवारतेला कोन आपसूक जास्त थरथरतो ती) फार चढणार नाही? आणि आधीचा पीव्हीए कापड न फाडता कसा काढू?