फाउंटन्स मठावर पुन्हा छप्पर का घालत नाहीत?

प्रश्न:
नमस्कार. नुकतीच इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा फाउंटन्स हा सिस्टर्शियन (कडक शिस्तीच्या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा) मठ पाहून आले. चर्चमध्ये पायांखाली हिरवळ आणि डोक्यावर उघडे आभाळ होते, पण शेजारच्या कोठाराचे कमानदार दगडी छत सुमारे तीनशे फूट अखंड होते. एकाच आवारात हा फरक कसा पडला, आणि भिंती भक्कम असताना चर्चवर पुन्हा छप्पर का घालत नाहीत?

पहिले उत्तर:
छप्पर आपोआप कोसळले नाही, ते उतरवून नेले. ११३२ मध्ये यॉर्कच्या सेंट मेरी मठातल्या सैल शिस्तीला विटलेले तेरा संन्यासी बाहेर पडले आणि आर्चबिशप थर्स्टन यांनी त्यांना स्केल नदीकाठची ओसाड जमीन दिली. ११३५ मध्ये हा मठ सिस्टर्शियन पंथात दाखल झाला आणि पुढे मेंढ्यांच्या लोकरीवर अतिशय श्रीमंत झाला. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ खालसा केले, त्यात १५३९ मध्ये फाउंटन्सही गेला. छपरावरचे शिसे मौल्यवान होते, त्यामुळे ते आधी काढले गेले, आणि उघड्या पडलेल्या लाकडाचा निकाल पावसाने लावला. कोठाराचे छत दगडी कमानींवर तोललेले असल्याने तगले. त्याच्याच वरच्या मजल्यावर श्रमकरी बंधूंचे (मठाची कष्टाची कामे करणाऱ्या सदस्यांचे) निजण्याचे दालन होते, ते मात्र आज उघडे आहे. शेजारचा फाउंटन्स हॉल हा वाडाही मठाचेच दगड वापरून बांधलेला आहे, आणि मला तरी हे पाहताना फार वाईट वाटले.

दुसरे उत्तर:
नवे छप्पर घालणे म्हणजे आजच्या कल्पनेचे चर्च उभे करणे होय. शिवाय १७६७ मध्ये शेजारच्या स्टडली रॉयल या जहागिरीचे मालक विल्यम एझलाबी यांनी हे अवशेष विकत घेऊन तिथल्या जलोद्यानाशी जोडले, आणि १९८६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्वीकारले ते उद्यान आणि भग्नावशेष मिळूनच. जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची असून अवशेषांची निगा इंग्लिश हेरिटेज ही तशीच दुसरी संस्था राखते.
खरी लढाई भिंतींच्या माथ्यावर चालते. या भिंतींना दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये दगडगोट्यांचा भराव असतो. माथ्यातून मुरलेले पाणी थंडीत गोठून फुगते आणि दर्शनी दगड बाहेर ढकलते. म्हणून माथा पाणी निथळेल असा राखतात आणि दरजा चुन्याने भरतात. सिमेंट भरले तर ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात.

तिसरे उत्तर:
वरून येणाऱ्या पाण्याइतकीच खालच्या पाण्याचीही चिंता आहे. मठाच्या काही इमारती, कोठाराचे दक्षिण टोक धरून, थेट स्केल नदीवर बोगदे बांधून उभारल्या आहेत, आणि नदीला लोंढा आला की पाणी आवारात शिरते. २००७ मध्ये असेच झाले होते. म्हणूनच आता नदीच्या वरच्या खोऱ्यात झाडे लावून आणि तळी करून पाण्याचा वेग कमी करण्याचे काम हाती घेतले आहे. माझ्या मते मठाच्या रक्षणासाठी मठापासून मैलोन्‌मैल दूर केलेले हे काम नव्या छपरापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.