लग्नापायी शेतकरी गरीब? काहीही!

ओतूरचा गडी :
काल इथं एका महाशयांनी लिहिलं, ‘शेतकरी लग्नातल्या उधळपट्टीने बुडतो, वर कर्जमाफी आहेच.’ रात्रभर डोक्यातून जाईना. ऑगस्ट २०२३ ला कांदा साठवणीच्या चाळीत होता, तेव्हा ४० टक्के निर्यातशुल्क. डिसेंबरात लाल कांदा निघाला, तर थेट बंदी. आमची विक्रीची पट्टी उलटी आली. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन आम्हीच देणं लागत होतो! ह्यात डीजे कुठे वाजला?

सदाशिव पेठी :
ते महाशय मीच. आमच्या पोळ्यांच्या मावशींनी मुलीच्या लग्नापायी वावर विकलं, माझ्या डोळ्यांदेखत. आणि कांदा महागतो तेव्हा तुम्ही बरे गप्प असता?

ओतूरचा गडी :
महागतो तेव्हा तो आमच्याकडे नसतोच, काका.

बीडकर (सध्या वाकड) :
कुकडीच्या कालव्याचं पाणी पिऊन रडू नका, भाऊ. भाव द्या म्हणे! ज्याच्याकडे विकायलाच काही नाही त्याने काय करायचं? दोन एकर कोरडवाहू, वाटणीला चौघे भाऊ. दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायच्या आत पुढची अंगावर. माझी चौथी-पाचवी उसाच्या फडातच गेली.

कोथरूडची काकू :
वाईट वाटलं वाचून. पण भाजीवाले हल्ली कोथिंबीर वर टाकत नाहीत, जुडीचे वेगळे पैसे मागतात. ते जातात कुठे?

ओतूरचा गडी :
आली का फुकटची कोथिंबीर! जुड्या बांधणाऱ्या बायका मजुरी घेतात, काकू. गेल्या पावसाळ्यात उपटणीचा खर्चही निघेना म्हणून सव्वा एकरावर रोटर फिरवला.

कोथरूडची काकू :
माझ्यावर कशाला ओरडताय? आमची सोसायटी थेट शेतकऱ्याकडूनच घेते.

बीडकर (सध्या वाकड) :
तो ‘शेतकरी’ पहाटे मार्केट यार्डात टेम्पो भरत असेल.

कोथरूडची काकू :
काहीतरीच! त्याच्या चपलांना चिखल असतो.

बीडकर (सध्या वाकड) :
यार्डात काय संगमरवर आहे?

सदाशिव पेठी :
धाग्याची पार मंडई केलीत. बरं बाबा, निर्यातबंदी चूक होती. स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ? लग्नाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही.

ओतूरचा गडी :
नकाच सोडू. पस्तिशी उलटली माझी. शेती करतो म्हटलं की पाहुणे अर्धा चहा टाकून उठतात. उधळायला आधी पोरगी तर द्या!

कोथरूडची काकू :
शिक्षण किती झालंय? पत्रिका आहे का?