परसबागेची भाजी: खिचडीत की आठवडी बाजारात?

खुरपं:
शाळेच्या परसबागेतली सगळी भाजी खिचडीत जाते आणि मुलांना तिचं मोल कळतच नाही. माझं म्हणणं, महिन्यातून एक वाफा तरी मुलांनी स्वतः आठवडी बाजारात विकावा. १ × ३ मीटरच्या वाफ्यात मेथी फोकली (बी विखरून पेरलं) की २५-३० दिवसांत दोन-अडीच किलो निघते, म्हणजे आठ-दहा जुड्या. बी आणि शेणखत वजा जाता काय उरलं ते वहीत मांडायचं. गावातला पैसा गावात कसा फिरतो, हे फळ्यावर शिकवून कळत नाही.

ताळेबंद:
मग हिशेबच करू. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीला ७५. चाळीस पोरांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला २ किलो लागते. तुमचा अख्खा वाफा एका दुपारी संपला! आठवड्याच्या अंतराने चार वाफे पेरले तरी आठवड्यातला एकच दिवस भागतो. बाजारात न्यायला उरतं काय?

दुसरं, बी शाळेच्या पैशातलं, मजुरी शून्य, म्हणून मुलं जुडी पाच रुपयांना देतात. शेजारी सकाळच्या जीपने आलेली बाई पंधराची जुडी घेऊन बसलेली असते. गिऱ्हाईक कौतुकाने मुलांकडे वळतं. याला स्थानिक व्यापाराला हातभार म्हणायचं की तिच्या पोटावर पाय? आणि बालबाजारात, म्हणजे शाळेत मुलं भरवतात त्या बाजारात, कित्येकदा मंडईतून आणलेला कोबीच ‘आमच्या बागेतला’ म्हणून खपतो, ते वेगळंच.

बीजवही:
दोघंही विक्रीवरच अडलात. मुलं आधी गिऱ्हाईक आहेत, ते कुणी बघतच नाही. पेरायची मेथी आणि धने गावच्या किराणा दुकानातून आणा. स्वस्त तर पडतंच, पण खरं कारण दुसरं. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं की त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते मुलांच्या उघड्या हातात द्यायचं नाही. धने मात्र अख्खे पेरू नका. चपलेखाली हलके रगडून दोन फाळ्या करा आणि रात्रभर भिजवा. तरी आठ-दहा दिवस वर काही दिसत नाही आणि मुलं रोज उकरून बघतात. त्यावर उपाय म्हणजे शेजारीच मेथी फोका, ती चौथ्या दिवशी उगवून पोरांना गुंतवते. शेणखत गावातल्याच गोठ्यातलं घ्या, पण पुरतं कुजलेलं. ओलं शेण घातलं की हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आवतणच.

पुढची पायरी घरचं बी. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री गावठी बियाण्याच्या कामासाठीच मिळाला. वाल, चवळी, टोमॅटो यांत बहुतेक स्वपरागण होतं, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून बी जातवान राहतं. शेजारी दुसरं वाण असेल तर मिरचीचं धरू नका, भेसळ होते. टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत दोन दिवस आंबू द्या. वर पांढरा थर आला की धुवा. तळाशी बसलेलं बी ठेवायचं, तरंगणारं टाकायचं. ताटलीत, सावलीत वाळवा. कागदावर वाळवलंत तर चिकटून बसतं.

ताळेबंद:
टोमॅटोचं ठीक. पण मेथीचं बी धरायला तोच वाफा तीनेक महिने अडतो, म्हणजे तीन तोडण्या गेल्या. कोपऱ्यात चार झाडं राखा, वाफा नको. आणि संकरित वाणाच्या फळातलं बी धरू नका. पुढच्या पिढीत झाडागणिक फळ वेगळं निघतं आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं.

खुरपं:
जुडीच्या भावाचा मुद्दा मान्य. मग उलटं करू. मुलांनी आधी त्याच भाजीवालीला भाव विचारावा आणि माल तिलाच घाऊक द्यावा. जुडी कशी बांधायची, देठ किती ठेवायचे, पाणी कधी शिंपडायचं हे तिच्याकडूनच शिकावं. तिला दोन पैसे सुटतील आणि पंधरातले आपल्या हाती किती येतात, तेही पोरांना कळेल. खिचडीवर डल्ला नको, तर सुट्टीतला माल घ्या. दिवाळीत चूल बंद असते, पण भेंडी-दोडका काही थांबत नाही.

ताळेबंद:
इथे जमतंय. पण भेंडी दिवसाआड तोडावी लागते, तिसऱ्या दिवशी निबर. एकदा निबर शेंगा झाडावर राहिल्या की नवा बहर कमी होतो. सुट्टीत तोडणीच्या पाळ्या कोण लावणार, गुरुजी की पालक? ते ठरेपर्यंत मी तरी भेंडीऐवजी लाल भोपळा लावा म्हणेन. तोडलेला भोपळा शाळा उघडेपर्यंत कोपऱ्यात पडून राहिला तरी बिघडत नाही.

बीजवही:
भोपळ्याला एक वेल दहा फूट जागा खातो, ताळेबंद! कुंपणावर चढवा.