काउंटी कॉलेजातून मेडस्कूल: पोरांचं नुकसान की शहाणपण?

पारिजातक: परवा इथे एकाने लिहिलं, "ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याला कम्युनिटी कॉलेजात घालणं म्हणजे चार पैशांसाठी पोराचं भविष्य गहाण टाकणं." दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते. (कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतलं दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज; आमच्या न्यू जर्सीत त्यालाच काउंटी कॉलेज म्हणतात.)

माझी मुलगी बारावीत असताना नवऱ्याची नोकरी गेली. शाळेत ती पहिल्या १५ टक्क्यांत होती, त्यामुळे न्यू जर्सीच्या स्टार्स योजनेत काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ झाली. दोन वर्षांत असोसिएट डिग्री घेतली आणि काउंटी कॉलेजं व स्टेट युनिव्हर्सिट्यांमधल्या २००८ च्या ट्रान्सफर करारामुळे ते क्रेडिट घेऊनच ती स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला बसली. आज मेडस्कूलमध्ये एमडीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे.

तिची केमिस्ट्रीची लॅब संध्याकाळी असायची. शेजारी नर्सिंग होममधली ड्यूटी संपवून थेट आलेली एक बाई, अंगावर स्क्रब्ज तसेच. टायट्रेशनमध्ये एक थेंब जास्त पडून रंग गडद गुलाबी झाला की दोघी मिळून पुन्हा पहिल्यापासून करायच्या. म्हाताऱ्या माणसांना कसं उचलायचं, कसं बोलायचं, हे मुलगी त्या बाईकडून ऐकत आली. प्रोफेसरबाई वीस जणांना नावानिशी ओळखायच्या, शिफारसपत्र त्यांनीच दिलं. याला गहाण टाकणं म्हणायचं?

सह्यकडा: वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. तुमची लेक कुठूनही पुढे गेली असती. आता माझ्या मुलाचं ऐका.

काउंटी कॉलेजात पहिल्याच वर्षी त्याला जनरल केमिस्ट्रीत सी ग्रेड मिळाला. तिथला सल्लागार म्हणाला, "ट्रान्सफर झालास की पाटी कोरी." युनिव्हर्सिटीत जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, नव्याने सुरू झाला, तेव्हा आम्हालाही ते पटलं. पुढे ॲमकॅसचा, म्हणजे एमडी मेडस्कूलांचा सामायिक, अर्ज भरायला बसलो. जिथे जिथे शिकलात त्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट लागतं आणि एकेक कोर्स हाताने भरावा लागतो. डायनिंग टेबलावर मी फूटपट्टी सरकवत ओळी वाचत होतो, तो टाइप करत होता. केमिस्ट्रीच्या ओळीवर त्याचा हात थांबला. तो सी होताच, आणि पुन्हा कोर्स करून मिळवलेला ए त्याच्या खाली. जीपीएत दोन्ही धरतात. ऑस्टिओपॅथीवाले (एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी देणारी मेडस्कूल) पूर्वी फक्त नवा ग्रेड धरायचे, तेही २०१७ पासून बंद. दोन वर्षं अर्ज केले, एका इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं नाही. तुम्हाला लॅबमधल्या गप्पा आठवतात, मला त्याचा तो थांबलेला हात.

पारिजातक: वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण सी कुठल्याही युनिव्हर्सिटीत मिळाला असता तरी ॲमकॅसने तसाच धरला असता. तुमचा राग त्या सल्लागारावर हवा. तो तुम्ही माझ्यासारख्या आयांवर काढताय.

आकडेमोड: दोघांनीही घरच्या गोष्टी सांगितल्या, म्हणून थोडे आकडे. अॅकॅडेमिक मेडिसिन या संशोधनपत्रिकेत २०१४ साली अभ्यास आला होता. २०१२ मध्ये मेडस्कूलला लागलेल्यांपैकी २८ टक्के कधी ना कधी कम्युनिटी कॉलेजात शिकलेले होते. चारातला एक! दार बंद असतं तर हे झालं असतं का?

सह्यकडा: तो अभ्यास पूर्ण वाचा. त्या २८ टक्क्यांत हायस्कूलमध्ये असतानाच एखादा कोर्स केलेली पोरंही आहेत. बारावीनंतर थेट कम्युनिटी कॉलेजात गेलेल्यांची शक्यता बाकी गोष्टी जमेस धरूनही कमीच निघाली. हेही त्याच अभ्यासात आहे.

आकडेमोड: बरोबर, ते मी सांगायला हवं होतं. पण "कमी" म्हणजे "संपलं" नव्हे.

घरापासून_दूर: तुमचं भांडण वाचून मला रडू आलं. तुमच्या पोरांना निदान अर्ज तरी करता येतो. आम्ही एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळतो त्या व्हिसावर, आहोत. मुलगी सहा वर्षांची असताना आलो, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे आहोत. २१ पूर्ण झाली की ती आमच्या व्हिसातून बाहेर. बहुतेक मेडस्कूल ग्रीन कार्ड नसलेल्यांना घेतच नाहीत, जी घेतात त्यांतली काही चार वर्षांची फी आधीच खात्यात ठेवा म्हणतात. काउंटी कॉलेजात सगळे ए आहेत तिला. करू काय त्यांचं?

वैनगंगा: भारतात पाठवा ना. भारतीय नागरिक आहे, नीटची परीक्षा द्यायची, एमबीबीएस करून यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेतली डॉक्टरांची लायसन्स परीक्षा, देऊन परत यायचं. आमच्या नात्यात दोघांनी केलंय.

घरापासून_दूर: इतकं सोपं असतं तर लिहिलं असतं का? महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते. तिची दोन्ही इथली. उरतात देशभरच्या १५ टक्के जागा, नाहीतर एनआरआय कोट्याची फी. आणि परत यायचं कुठल्या व्हिसावर?

वैनगंगा: ताई, रांग केवढी आहे हे इथे येतानाच सगळ्यांना माहीत असतं. जागा कमी, हे लातूर-नांदेडच्या पोरांनाही आहेच. तीही वर्ष-दोन वर्षं रिपीट करतात.

पारिजातक: वैनगंगा, हे बोलणं बरं नाही. सहा वर्षांच्या मुलीने कुठली रांग बघितली होती?

वैनगंगा: आईला उद्देशून होतं. मुलीला काही म्हटलेलं नाही.

घरापासून_दूर: मलाही म्हणू नका. मी रोज रात्री तेच स्वतःला म्हणते.

सह्यकडा: वैनगंगा, पुरे आता.

ताई, माझ्या मुलाबरोबर एच-४ वरचा एक मुलगा होता. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेला आणि एमडीऐवजी बायोमेडिकलच्या पीएचडीला लागला, कारण तिथे स्टायपेंड मिळतो आणि ट्यूशन माफ होते. त्याला डॉक्टरच व्हायचं होतं, त्यामुळे हा तोडगा म्हणून सांगत नाही. पण हा रस्ता चालू आहे, चौकशी करा. आणि मेडस्कूलची यादी एमएसएआर या मेडस्कूलांच्या प्रवेश-माहितीच्या वेबसाइटवर तपासा, कोण ग्रीन कार्डाशिवाय घेतं ते तिथे दिलेलं असतं. ऐकीव माहितीवर जाऊ नका. आम्ही गेलो होतो.

पारिजातक, "गहाण" हा शब्द मागे घेतो. तेवढाच. ऑर्गो (ऑरगॅनिक केमिस्ट्री) आणि बायोकेमिस्ट्री चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीतच करावी, या मतावर मी ठाम आहे.

पारिजातक: ऑर्गो माझ्या मुलीनेही ट्रान्सफरनंतरच केली होती. काउंटी कॉलेजातल्या त्याच केमिस्ट्रीच्या बाईंनी सांगितलं होतं तिला.

सह्यकडा: मग आम्हाला त्या बाई भेटायला हव्या होत्या.