हरभरा निघाल्यावर उन्हाळी सूर्यफूल, कोणी करते का?

धुऱ्यावरून (बुलढाणा): हरभरा निघाला की पाण्याचं वावर जूनपर्यंत रिकामं राहते. फेब्रुवारीत दोन एकर सूर्यफूल टाकायचा विचार आहे. बियाणं एकरी दोन-अडीच किलो, मेमध्ये वावर मोकळं. 2025-26 चा हमीभाव 7721 रुपये, सोयाबीनचा 5328. भुईमुगासारखी उपटायची, शेंगा तोडायची मजुरीही नाही. मग लोकांनी सोडलं काहून?

जुना कास्तकार (अकोला): राघूमुळे, भाऊ. शिवारात आमचं एकट्याचंच सूर्यफूल होतं. उजाडायच्या आत थवा उतरे. बाबा टिनाचा डब्बा वाजवत, मी गोफण घेऊन दुसऱ्या धुऱ्यावर. पोरं शाळेत जायचे सोडून वावरात! तरी कडेच्या चार ओळींत फुलांची नुसती तबकं उरली. अन् हमीभावाचं म्हणशील तर आमच्या बाजार समितीत सूर्यफुलाची बोलीच होत नाही. अडत्या म्हणते, ‘आन तर खरं, पाहू.’ ‘पाहू’ हा काही भाव नव्हे.

मधपेटी: राघूचं खरं, पण अर्धी तबकं पोचट राहतात ती आपल्या चुकीनं. परागीभवन मधमाशीवर चालते, अन् आपण फुलोऱ्यातच कीटकनाशक मारतो. फुलोऱ्यात सकाळी 7 ते 11 दरम्यान हाताला मऊ कापड गुंडाळून तबकावरून हलकेच फिरवा, एक दिवसाआड. पिवळ्या पाकळ्या उघडताना लिटरला 2 ग्रॅम बोरॅक्स फवारा, दाणा भरते.

जुना कास्तकार: दोन एकरातल्या एकेका फुलावर हात फिरवायला माणसं तूच पाठव बाप्पा.

हिशोबी (यवतमाळ): दाणा भरला तरी भाव आपल्या हाती नाही. देशातलं बहुतेक सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनकडून येते. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं ते कधी? 2025 च्या मे अखेरीस, म्हणजे ऐन उन्हाळी काढणीच्या तोंडावर.

धुऱ्यावरून: म्हणूनच बाजारात न्यायचंच नाही म्हणतो. गावच्या घाण्यावर क्विंटलला तीसेक किलो तेल निघालं तरी घरचं भागते, ढेप ढोरांना.

हिशोबी: दोन एकराचं तेल घरी खाशील? सासरवाडी धरूनही संपत नाही. विकायला डबे, गाळणी, गिऱ्हाईक, सगळं नवं.

धुऱ्यावरून: हे मात्र मनात आलं नव्हतं. मग एकच एकर. पण राघूसाठी धुऱ्याला लागून असलेल्या दोघांनीही त्याच आठवड्यात पेरलं पाहिजे, म्हणजे नुकसान वाटल्या जाईल. एक तयार आहे, दुसरा म्हणते तीळच बरा.

जुना कास्तकार: त्या दुसऱ्याचा नंबर दे मले.