आपत्तीग्रस्तांसाठी तयार घरं सरकारनं आधीच विकत घेऊन ठेवावीत का?

तेरणाकाठ:
२०२५ च्या सप्टेंबरात भूम-परांड्यात पाणी शिरलं, माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली, हे सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. त्यानंतरचं फारसं कुणी पाहिलं नाही. मी शिक्षक आहे. आमच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गात तीन घरची माणसं राहायला होती. फळ्यावर कुणीतरी खडूनं हिशेब मांडलेला: तूर दोन कट्टे, ज्वारी तीन पोती, शेळ्या चार, आणि सगळ्यात खाली 'गादी १'. माणसं गेली तरी मला तो फळा पुसवेना. आठ दिवस चौथीला दुसरीच्या वर्गात बसवलं.

शाळा, मंदिर, मंगल कार्यालय हे चार दिवसांचे आसरे. पडलेलं घर उभं राहायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मधल्या काळात माणसानं राहायचं कुठं? माझं म्हणणं असं की कारखान्यात बनलेली, सुटी करून ट्रकवर चढवता येतील अशी घरं सरकारनं आधीच घ्यावीत आणि लातूर, नांदेड, संभाजीनगर अशी तीन ठिकाणी ठेवावीत. वेळ आली की आठ दिवसांत उभी करायची, काम झालं की परत गोदामात. अमेरिकेत, जपानमध्ये आपत्तीनंतर सरकारं तयार घरं देतात. आपण दर वेळी ताडपत्री शोधत फिरतो. हरकत काय आहे?

औसा रोड:
हरकत मी सांगतो सर. किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून झोपलो होतो. मी अकरा वर्षांचा. घर माळवदाचं, दोन-अडीच फुटी दगडी भिंती, मातीत रचलेल्या. त्या पहाटेचं मी लिहीत नाही.

शेडचं लिहितो. आम्हाला पत्र्याचं शेड मिळालं. तेही तुमच्या भाषेत तयार घरच, 'तात्पुरतं'. त्यात आम्ही तीन उन्हाळे काढले. एप्रिल लागला की दुपारी दाराच्या कडीला हात लावता यायचा नाही, आजी पदर गुंडाळून कडी काढायची. थंडीत पहाटे पत्र्याला आतून दव धरायचं आणि पांघरुणावर टपटप गळायचं. आणि एकदा शेड मिळालं की कागदावर तुम्ही 'निवाऱ्याची सोय झालेले' होता. मग कुणाला घाई राहत नाही. तंबूतल्या माणसाची सरकारला लाज वाटते, शेडमधल्याची वाटत नाही.

केबिनवाला:
आधीच सांगतो, माझा धंदा पोर्टा केबिनचा आहे, त्यामुळे शिव्या द्यायच्या तर द्या. पण १९९३ चा पत्रा आणि आजचं पफ पॅनेल एका मापानं मोजू नका. दोन पत्र्यांच्या मध्ये पन्नास मिलिमीटर फोम असतो, ऊन आत यायला वेळ लागतो. जमीन सपाट असेल, खाली ओटा तयार असेल तर चार माणसं दोन दिवसांत एक खोली उभी करतात. मराठवाड्यात साइट ऑफिसं, टोलनाके, रस्त्याच्या कामावरचे मुक्काम सगळे यातच चालतात. साहेबाला चालतं ते पूरग्रस्ताला का चालू नये?

अव्वल कारकून (निवृत्त):
केबिनवाले, भाव सांगा की. वीस बाय आठची खोली, संडास धरून, केवढ्याला देता?

केबिनवाला:
माझ्याकडं दोन-अडीच लाख. संडास-बाथरूम चांगलं हवं तर तीन. वाहतूक, ओटा, वीजजोड वेगळा.

अव्वल कारकून (निवृत्त):
हेच तुमच्या तोंडून हवं होतं. आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषात पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार होते. घरकुल योजनेचा केंद्राचा मूळ आकडाही तेवढाच. झोपडी वाहून गेली तर ८ हजार, गोठा गेला तर ३ हजार. आणि तुम्ही वर्ष-दीड वर्ष राहायच्या १६० चौरस फुटांच्या डब्यावर तीन लाख घालायला निघालात. अडीच पक्क्या घरांच्या अनुदानातून एक कच्चं घर! तेच पैसे माणसाच्या खात्यावर टाका, तो दोन खोल्या बांधून वर गोठाही काढेल.

बाकी मी तीस वर्षं फायली हलवल्यात. आधी घेतलं तर लेखापरीक्षणात 'विनावापर पडून' असा शेरा येतो. ऐन वेळी घेतलं तर 'तातडीची खरेदी' म्हणून निविदेला फाटा मिळतो, मग भाव कोण ठरवतो ते वेगळं सांगायला नको. दोन्हीकडून मरण.

तेरणाकाठ:
खात्यावर पैसे टाकले की घर बांधून होतं, हे गृहीत कशाच्या जोरावर? पुरानंतर वाळू नाही, गवंडी नाही, आणि ज्याचं पीक गेलंय तो आलेल्या लाखातून आधी सावकाराला गप्प करतो. ते चूक नाही, पण घर राहतंच. शिवाय जागेचं काय? नदीकाठच्या जुन्या जागेवर परत बांध म्हणायचं?

ह्यूस्टनचा नांदेडकर:
सरांनी अमेरिकेचं नाव काढलं म्हणून लिहितो. उदाहरण द्या, पण पुरतं द्या. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर इथल्या केंद्र सरकारच्या आपत्ती यंत्रणेनं, फेमानं, सुमारे १ लाख ४५ हजार ट्रेलर आणि मोबाइल होम विकत घेतली. खर्च २.७ अब्ज डॉलरच्या आसपास. त्यातली दहा हजारांवर घरं आर्कान्सातल्या होप गावच्या विमानतळावर रांगेनं उभी राहिली, रिकामी. कारण काय, तर पूरप्रवण जमिनीवर मोबाइल होम ठेवू नये असा त्यांचाच नियम. आणि माणसं बेघर झालेली होती नेमकी पूरप्रवण जमिनीवरची. गावाचं नाव होप, म्हणजे आशा. आपल्याकडं असं झालं असतं तर अग्रलेखवाल्यांना महिनाभर मथळा पुरला असता.

ज्यांना ट्रेलर मिळाले त्यांचे डोळे चुरचुरायला लागले. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटत होता. सरकारी आरोग्य यंत्रणेनं ५१९ ट्रेलर तपासले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये सांगितलं, उन्हाळ्याआधी लोकांना बाहेर काढा. कारण ऊन वाढलं की वायू जास्त सुटतो. आता हे परभणीच्या मे महिन्यात कल्पून पाहा. पुढं हेच ट्रेलर 'राहण्यासाठी नाही' असं स्टिकर लावून लिलावात गेले, आणि २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीच्या वेळी साफसफाईचे कामगार त्यातच राहताना सापडले.

तरीही मी सरांच्या बाजूनं आहे. फेमानं घरं घेणं थांबवलं नाही, घेण्याची पद्धत बदलली. सामग्रीच्या अटी कडक केल्या. राहायची मुदत साधारण १८ महिने. आधी भाड्याचं घर शोधतात, दुरुस्तीला पैसे देतात, आणि काहीच जमत नसेल तिथंच तयार घर.

औसा रोड:
पहिल्या दोन परिच्छेदांत माझी बाजू मांडलीत आणि शेवटी मत सरांना दिलंत. वा!

भाड्याचं म्हणाल तर केरळनं वायनाडच्या दरडीनंतर कुटुंबामागं महिना ६ हजार भाडं दिलं. मला ते पटतं.

तेरणाकाठ:
भाडं द्यायला भाड्याचं घर तर हवं! परांड्याच्या एखाद्या वस्तीवर कोण भाड्यानं खोली देतो? तालुक्याला जावं लागतं. मग दूध कोण घालणार, रानात कोण जाणार, पोरांची शाळा? लांब कशाला, आपल्या राज्यातलंच बघा. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली, वाचलेल्यांना सरकारनं चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं आणि दरम्यान सिडकोनं कायमची घरं बांधली. लोक आपल्या डोंगराच्या नजरेत राहिले.

औसा रोड:
एक वाडी होती ती सर. किल्लारीच्या वेळी बावन्न गावं नव्या जागी न्यावी लागली.

आष्टीची लेक:
इतका वेळ वाचतेय. अजून कुणी बाईमाणसाचं नाव काढलेलं नाही.

आमच्याकडं बीड जिल्ह्यात लाखो माणसं दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. बांबू, पाचट, वर कागद. दार म्हणजे साडी. माझी आई पंधरा वर्षं कोपीत राहिली. तात्पुरतं घर म्हणजे काय हे आम्हाला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. अंधार असताना उठून बाहेर जायचं, आंघोळ खाट आडवी लावून, पाळी आली तर विचारू नका. त्यामुळे मला आतून कडी लागणारा, संडास असलेला पत्र्याचा डबासुद्धा चालेल. औसा रोड, तुमच्या आजीचे चटके खरे आहेत, पण निदान कडी होती.

आणि केबिनवाल्यांना प्रश्न. चूल कुठं मांडायची? तुमच्या फोमला आग लागली तर?

केबिनवाला:
ताई, खरं सांगतो, आत चूल अजिबात नाही. साधा फोम पेटतो आणि धूर विषारी असतो. आगीला दाद न देणारं रॉकवूलचं पॅनेल येतं, वजनाला जड आणि महाग. निविदेत ते लिहिलेलं नसेल तर कुणीही स्वस्तातलंच टाकेल. मीसुद्धा टाकेन, कारण नाही टाकलं तर काम दुसऱ्याला जातं. म्हणून ते कागदावर लिहून घ्या. आणि स्वयंपाकाला पुढं वेगळा ओटा आणि पडवी.

अव्वल कारकून (निवृत्त):
हे प्रामाणिक बोललात. मग माझंही थोडं बदलतो. गोदाम भरून ठेवायला माझा विरोध कायम. फोमला उंदीर लागतात, पत्रा गंजतो, चौकीदार दारं विकतो. पण दरकरार करून ठेवता येईल: कोणतं पॅनेल, किती जाड, किती दिवसांत, काय भावात, दंड किती. आपत्ती आली की फक्त आदेश काढायचा. आणि विकत घेण्याऐवजी भाड्यानं. अठरा महिन्यांनी उचलून नेण्याची जबाबदारी पुरवठादाराची, म्हणजे त्याचाच तगादा राहील की घरं लवकर बांधा.

औसा रोड:
पुरवठादार तगादा लावेल? साहेब, तो मुदतवाढ मागेल. भाडं चालू राहतंय ना!

तेरणाकाठ:
दरकरार मला चालेल. भाड्याचं मात्र औसा रोडचं बरोबर वाटतं, मीटर चालू असलेली रिक्षा कधी लवकर पोचते का? त्यापेक्षा घर त्या कुटुंबाच्याच नावे करा. पक्कं घर झालं की तो डबा त्यांचाच. कोठार करतील, दुकान टाकतील, विकतील.

ह्यूस्टनचा नांदेडकर:
एकच भर घालतो, जपानची. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तिथं ४८ हजारांवर तयार घरं उभी केली. म्हाताऱ्यांना आणि अपंगांना अग्रक्रम देऊन सोडत काढली. हेतू चांगलाच. पण शेजारी अनोळखी झाले आणि कित्येक म्हातारी माणसं आत एकटीच मेली, कुणाला पत्ता नाही. शेवटची माणसं त्या घरांतून बाहेर पडायला २००० साल उजाडलं.

औसा रोड:
हे मला कळतं. शेडमध्ये आमच्या एका बाजूला परकं घर, दुसऱ्या बाजूला दूधडेअरीचं सामान होतं. भावकी तिसऱ्या रांगेत. नव्या गावात तर शेताच्या आकारावर घर मिळालं, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. चुलता ७५० च्या गल्लीत गेला, आम्ही २५० च्या. पुन्हा एका वाड्यात कधी आलोच नाही.

सर, तुमचा दरकरार होऊ द्या. पण त्यात एक कलम टाकायला सांगा: कोण कुणाच्या शेजारी हे गाव ठरवेल, तलाठी नाही.

निलंग्याचा:
समदं वाचलाव. पॅनल झालं, भाव झाला, भावकी बी झाली. मागच्या पुरात आमच्या वस्तीवरची म्हातारी शाळंत यायला तयारच नव्हती. पोलिसानं हात धरला तर म्हणाली, "मी येते बाबा, पण ह्या दोन म्हशी कोणत्या वर्गात बांधू?" तुमच्या वीस बाय आठच्या डब्यात म्हशीचं काय ठरलंय, ते कुणी सांगलालाव का?

केबिनवाला:
गोठ्याचा भाव अजून कुणी विचारलाच नव्हता. काढून सांगतो.